जामघाट : सौंसरच्या खोऱ्यातील पाणी, जमीन आणि दोन राज्यांचे निर्णय

पांढुर्णा हा मध्य प्रदेशातील ५५ वा जिल्हा. २४ ऑगस्ट २०२३ रोजी जामसावळी येथील हनुमान लोकाच्या भूमिपूजनप्रसंगी तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्याची घोषणा केली आणि ५ ऑक्टोबर २०२३ पासून तो अस्तित्वात आला. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी लागू झाली, हे येथे नोंदवून ठेवावे. छिंदवाडा जिल्ह्याचे पांढुर्णा आणि सौंसर हे दोन दक्षिणेकडील तालुके त्यात आले. दोन्हीकडे मराठी घरात बोलली जाते, कापूस आणि संत्रा ही दोन्हीकडची नगदी पिके आहेत, आणि दोन्हीकडचा बाजार भोपाळपेक्षा नागपूरला जवळ आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून या मुलखाची भाषा एका राज्याची आणि दप्तर दुसऱ्या राज्याचे, अशी विभागणी चालत आली आहे. सावनेरला ज्याला सातबारा म्हणतात तो सौंसरला खसरा होतो, फेरफाराचे नामांतरण होते आणि तलाठ्याच्या जागी पटवारी असतो.

हवामानबदलाला तोंड देण्याची तयारी, शासकीय खर्च आणि जमिनीचा वापर हे तीन विषय या जिल्ह्यात एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि ते ठिकाण म्हणजे कन्हान नदी. तिच्यावरील जामघाट प्रकल्प कित्येक दशके कागदावर आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे झालेल्या आंतरराज्य बैठकीनंतर तो पुन्हा चर्चेत आला. म्हादईच्या वादाने परिचित झालेल्या वाचकाला यातील बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील, परंतु एक मूलभूत फरक आहे. म्हादईत वरचे राज्य पाणी वळवू पाहते आणि खालचे राज्य हरकत घेते. कन्हानवर खालच्या राज्याला धरण हवे आहे, आणि त्याची जागा वरच्या राज्याच्या हद्दीत आहे.

भूगोल थोडा समजून घेतल्याखेरीज पुढचे कळणार नाही. छिंदवाडा शहर सातपुड्याच्या पठारावर आहे. तेथून नागपूरकडे येणारा रस्ता सिल्लेवानी घाटाने खाली उतरतो आणि रामाकोना, सौंसर, लोधीखेडा असा सखल काळ्या मातीच्या पट्ट्यातून महाराष्ट्रात शिरतो. कन्हानही पठारावरून याच पट्ट्यात उतरते. पांढुर्ण्याकडून येणारी जाम नदी पुढे तिला मिळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात ज्या पात्रात गोटमार खेळली जाते, ती हीच जाम. कन्हान पुढे नागपूर जिल्ह्यात जाते, पेंच नदी तिला येऊन मिळते, आणि ती वैनगंगेत विसर्जित होते. म्हणजे सौंसरचे पाणी शेवटी प्राणहितेवाटे गोदावरीत पोहोचते. म्हणूनच त्याचा कायदेशीर हिशेब गोदावरी पाणीवाटप लवादाच्या, अर्थात बच्छावत लवादाच्या, १९८० च्या निवाड्याखाली येतो. त्या लवादाने बहुतांशी संबंधित राज्यांनी आपसांत केलेल्या करारांनाच मान्यता दिली. त्यामुळे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यातील पेंच-कन्हानविषयक समझोते हाच आजही या वाटपाचा आधार आहे. म्हादईच्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी टीएमसीचे आकडे स्वतः ठरवून दिले. येथे तसा प्रसंग आला नाही. येथे दोन सरकारे एकत्र बसली की काम पुढे जाते आणि बसली नाहीत की थांबते.

ती सरकारे दीर्घकाळ बसली नाहीत. मध्य प्रदेश-महाराष्ट्र आंतरराज्य नियंत्रण मंडळाची २८ वी बैठक मे २०२५ मध्ये झाली, ती सुमारे २५ वर्षांच्या खंडानंतर. तीत मोहन यादव आणि देवेंद्र फडणवीस या दोन मुख्यमंत्र्यांनी तापी खोरे महापुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. तिची किंमत सुमारे १९,२४४ कोटी रुपये असून तीत एकूण सुमारे ३१ टीएमसी पाण्याचा वापर अपेक्षित आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. वर्तमानपत्रांतील मथळे स्वाभाविकपणे तापीला मिळाले. परंतु याच बैठकीत कन्हान उपखोऱ्यातील जामघाट प्रकल्पाचाही विषय निघाला. नागपूर शहराला पिण्याचे पाणी आणि छिंदवाड्याच्या दक्षिण भागाला सिंचन, अशी त्याची दुहेरी मांडणी करण्यात आली. तापीच्या योजनेचे वैशिष्ट्य म्हणून कोणतेही गाव विस्थापित होणार नाही असे सांगितले गेले. धरणाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

नागपूरला ही निकड का भासली, याचे उत्तर सौंसरमध्ये नसून पलीकडच्या पेंच खोऱ्यात आहे. नागपूरची तहान मुख्यतः तोतलाडोह आणि नवेगाव खैरी येथील पेंच जलाशयांवर भागते. कन्हान नदीतून थेट उपसलेले पाणी हा दुसरा स्रोत. मध्य प्रदेशने पेंचवरच, तोतलाडोहाच्या वरच्या अंगाला, चौराई तालुक्यात माचागोरा येथे धरण बांधले. तेथे अडवलेले पाणी आपल्या वाट्यातलेच आहे, अशी त्या राज्याची भूमिका. कागदावर ती समजण्यासारखी आहे. पण वर धरण नव्हते तोवर वाट्यातले न वापरलेले पाणी खाली येत राहिले आणि त्या सवयीवर एक महानगर वाढले. पाऊस चांगला झाला की दोन्ही जलाशय भरतात. पाऊस ओढ देतो त्या वर्षी आधी वरचा भरतो. २०१९ च्या उन्हाळ्यात तोतलाडोह मृतसाठ्यावर आला आणि जुलैमध्ये नागपूर महापालिकेने दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. तेथून महाराष्ट्राची दृष्टी कन्हानकडे वळली. कन्हानचे पाणी बोगद्यावाटे तोतलाडोहाच्या जलाशयात वळवण्याची योजना मांडली गेली, आणि जामघाटाचा जुना प्रस्तावही पुन्हा पुढे आला.

लगेच पुढच्या वर्षी उलट घडले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस छिंदवाडा जिल्ह्यात दोनच दिवसांत एवढा पाऊस पडला की माचागोरा आणि तोतलाडोह या दोन्ही धरणांतून मोठे विसर्ग सोडावे लागले. पेंच आणि कन्हान एकाच वेळी फुगल्या. नागपूर जिल्ह्यातील पारशिवनी, कामठी, मौदा आणि पुढे भंडारा शहर यांना पुराचा जबर तडाखा बसला. हवामानबदलाच्या सरकारी अहवालांत पावसाच्या तऱ्हेविषयी बरेच लिहिलेले असते. या खोऱ्याने दोन लागोपाठच्या पावसाळ्यांत त्याचा अनुभव घेतला. धरण टंचाईसाठी असते आणि पुरासाठीही असते, असे प्रकल्प-अहवालात एका वाक्यात लिहिता येते. प्रत्यक्षात टंचाईसाठी जलाशय भरलेला हवा आणि पुरासाठी रिकामा. या दोन गरजा सांभाळणारे वेळापत्रक दोन राज्यांनी मिळून ठरवायचे असते आणि सोडलेल्या पाण्याची सूचना खालच्या गावापर्यंत वेळेत पोहोचवायची असते. ही यंत्रणा बांधकामाच्या तुलनेने अत्यल्प खर्चात होते. अंदाजपत्रकात तिला स्वतंत्र शीर्ष मिळणे मात्र कठीण जाते.

कन्हानच्या पाण्यावर आणखी दोन मोठ्या योजनांची नजर आहे. पहिली मध्य प्रदेशची. २०१९ मध्ये, कमलनाथ मुख्यमंत्री असताना, छिंदवाडा सिंचन संकुलाला सुमारे ५,४७० कोटी रुपयांची प्रशासकीय मान्यता मिळाली. संगम-१, संगम-२, रामघाट आणि पांढुर्णा अशी धरणे आणि सुमारे १ लाख ९० हजार हेक्टर सिंचन असे त्याचे स्वरूप सांगण्यात आले. दुसरी महाराष्ट्राची. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पात गोसीखुर्द जलाशयातून ४२६ किलोमीटरच्या कालव्यांनी बुलढाण्यापर्यंत पाणी न्यायचे आहे. त्याची किंमत सुमारे ८८ हजार कोटी रुपये धरली गेली आहे. गोसीखुर्दला येणाऱ्या पाण्यात कन्हानचे पाणी आहेच. एकाच नदीच्या वरच्या भागात सिंचन संकुल, मध्ये जामघाट, आणि खाली गोसीखुर्दमार्गे नदीजोड, अशी ही रचना आहे. प्रत्येक प्रकल्पाचे जलविज्ञान त्याच्या अहवालापुरते बरोबर असू शकते. तिन्ही अहवाल एका टेबलावर ठेवून कोरड्या वर्षी कोणाच्या वाट्याला काय येते, हा हिशेब सार्वजनिक होणे हे सौंसरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने कोणत्याही भूमिपूजनाहून महत्त्वाचे आहे.

आता जमीन. सौंसर हे नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत जगभर आढळते, हे या गावातही फारसे कोणाला ठाऊक नसते. मध्य भारतातील मँगनीजधारी रूपांतरित खडकांच्या समूहाला ‘सौंसर समूह’ म्हणतात. सीतापार, कच्छीढाणा, गोवारी वढोणा ही या तालुक्यातली मँगनीजची जुनी ठिकाणे ब्रिटिश काळापासून भूवैज्ञानिक साहित्यात नोंदलेली आहेत. पश्चिमेकडे, पांढुर्ण्याच्या बाजूला, दख्खनचा बेसाल्ट पसरतो. बेसाल्टमध्ये पाणी साठते ते मुख्यतः झिजलेल्या वरच्या थरात आणि भेगांत. हा साठा मर्यादित असतो. पावसाळ्यात लवकर भरतो आणि उपसा वाढला की उन्हाळ्याआधी संपतो.

या साठ्यावर संत्रा उभा आहे. नागपुरी संत्र्याचे झाड पाचव्या-सहाव्या वर्षी खऱ्या अर्थाने फळाला लागते आणि नीट राखले तर वीसहून अधिक वर्षे उत्पन्न देते. आंबिया बहार घेणाऱ्याला हिवाळ्यात ताण द्यावा लागतो आणि फुले आल्यापासून उन्हाळाभर पाणी द्यावे लागते. हिवाळ्यात अवकाळी पाऊस आला तर ताण मोडतो. मार्चमध्ये गारा पडल्या तर फुले आणि लहान फळे जातात. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने मध्य भारतात हे मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. मृग बहार पावसाच्या भरवशावर घेतात. जूनचा पाऊस लांबला की तोही जातो. सीमेपलीकडच्या वरूड, मोर्शी, नरखेड या संत्र्याच्या तालुक्यांची नावे भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत वर्षानुवर्षे येत राहिली आहेत. खोल विंधनविहिरींच्या शर्यतीत बागा वाचवण्याचा प्रयत्न कोठे जाऊन थांबतो, हे पाहायला पांढुर्ण्याच्या बागाईतदाराला दूर जावे लागत नाही.

जामघाटाच्या समर्थनातला सर्वांत बळकट मुद्दा इथेच आहे. भूजल संपत असताना नदीचे पाणी मिळाले तर बागा टिकतील. विरोधातला बळकट मुद्दाही इथलाच. धरणाने बुडते ती नदीकाठची जमीन. ती खोल मातीची, विहिरींना पाणी असलेली आणि बहुधा आधीच बागायती असलेली जमीन असते. लाभक्षेत्रातील शेतकरी आणि बुडीत क्षेत्रातील शेतकरी एकाच तालुक्यातले, कित्येकदा एकाच कुळातले असतात, आणि नागपूरचा नळ या दोघांच्याही नकाशाबाहेर असतो.

या ठिकाणी २०१३ चा भूसंपादन, पुनर्वसन आणि पुनर्वसाहत कायदा महत्त्वाचा ठरतो. त्याच्या कलम १० नुसार बहुपीक सिंचित जमीन अपवादात्मक परिस्थितीतच, शेवटचा उपाय म्हणून, संपादित करता येते. मोबदल्याचा हिशेब असा : जमिनीचा बाजारभाव, ग्रामीण भागात त्याला राज्याने ठरवलेला १ ते २ यांमधला गुणक, त्यात विहीर, घर, झाडे यांची किंमत, आणि या बेरजेवर शंभर टक्के सांत्वना रक्कम. मध्य प्रदेशने २०१४ मध्ये हा गुणक १ ठेवला. महाराष्ट्राने २०१५ मध्ये तो २ केला, आणि पुढे महामार्गांसाठी १ वर आणला. याचा अर्थ साध्या अंकगणितात पाहावा. एक एकराचा बाजारभाव दहा लाख रुपये धरला, तर १ या गुणकाने जमिनीपोटी वीस लाख होतात आणि २ या गुणकाने चाळीस लाख. सौंसर आणि सावनेर यांच्यामध्ये एक हद्दीचा दगड आहे. दोन्हीकडची माती सारखी, झाड सारखे, मंडी बहुतेकदा तीच. नागपूरला पाणी पाजण्यासाठी सौंसरची जमीन बुडणार असेल, तर तिचा मोबदला कोणत्या राज्याच्या गुणकाने मोजायचा, हा प्रश्न आंतरराज्य करारातच सोडवून ठेवला पाहिजे. नंतर तो जिल्हाधिकाऱ्याच्या हाती राहत नाही, कारण जिल्हाधिकाऱ्याला आपल्याच राज्याची अधिसूचना लागू करावी लागते.

झाडांच्या किमतीचा मुद्दा याहून बारीक आहे आणि म्हणून बहुधा दुर्लक्षित राहतो. त्याच कायद्याच्या कलम २९ नुसार झाडे आणि उभी पिके यांचे मूल्य ठरवताना कृषी, वनीकरण, फलोत्पादन अशा क्षेत्रांतील अनुभवी व्यक्तींची मदत जिल्हाधिकारी घेऊ शकतो. दहा वर्षांच्या संत्र्याच्या झाडाची किंमत लाकडावरून काढायची, की पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या फळांवरून? दोन्ही पद्धतींतील तफावत मोठी आहे. नागपूर येथील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर असताना हे मूल्यांकन शास्त्रीय आधाराने करणे अवघड नसावे. त्यासाठी झाडे मुळात दप्तरी नोंदलेली असावी लागतात. खसऱ्यात ‘पडीत’ किंवा नुसते ‘कापूस’ असे लिहिले गेले असेल, तर बाग प्रत्यक्ष उभी असूनही कागदावर नसते. गिरदावरीच्या वेळी पटवाऱ्याकडून झाडांची संख्या आणि वय लिहून घेणे ही गोष्ट क्षुल्लक वाटते. गारपिटीनंतर राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ खाली मिळणारी मदतही याच नोंदींवर अवलंबून असते.

पैशाच्या बाजूकडे वळू. जिल्हा झाल्याने पांढुर्ण्याला जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि कार्यालये मिळाली. स्वतःचे अंदाजपत्रक मिळाले नाही, कारण तसे कोणत्याच जिल्ह्याला नसते. मध्य प्रदेशचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ४ लाख २१ हजार कोटी रुपयांचे. ते १२ मार्च २०२५ रोजी अर्थमंत्री जगदीश देवडा यांनी मांडले, आणि शून्याधारित पद्धतीने, म्हणजे प्रत्येक खर्चाची गरज नव्याने सिद्ध करून, ते तयार केल्याचे सांगण्यात आले. ही गरज सिद्ध करायची असते ती विभागांनी. जलसंपदा विभाग धरणासाठी मागणी मांडतो, फलोत्पादन विभाग ठिबकसाठी, महसूल विभाग मदतीसाठी. एका खोऱ्याची मागणी मांडणारा विभाग नाही. घटनेच्या कलम २४३ झेडडी नुसार जिल्हा नियोजन समितीने ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा बनवायचा असतो, आणि त्यात पाण्याचे व इतर नैसर्गिक साधनांचे वाटप हा विषय स्पष्टपणे नमूद आहे. मध्य प्रदेशात यासाठी १९९५ चा कायदा आहे. १९९९ मध्ये दिग्विजयसिंह सरकारने ‘जिल्हा सरकार’ नावाचा प्रयोग करून या समितीला बरेच अधिकार दिले होते. पुढे तो गुंडाळला गेला. शेजारच्या महाराष्ट्रात जिल्हा वार्षिक योजनेचा निधी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीतून जातो आणि त्यावर निदान दरवर्षी भांडण तरी होते.

नव्या जिल्ह्याच्या हाती थेट येऊ शकणारा दुसरा स्रोत म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या दुरुस्तीनुसार खाणधारकाला स्वामित्वशुल्काच्या १० किंवा ३० टक्क्यांइतकी रक्कम त्यात भरावी लागते, आणि पिण्याचे पाणी व पर्यावरण ही तिच्या खर्चाची प्राधान्यक्षेत्रे आहेत. छिंदवाड्याची जुनी समृद्धी कोळशाची आहे. पेंच-कन्हान कोळसाक्षेत्र परासिया आणि जुन्नारदेवकडे असल्याने ते विभाजनानंतर छिंदवाड्यातच राहिले. पांढुर्ण्याच्या वाट्याला मँगनीज आले, आणि कन्हान-जामची रेती. ही रेती नागपूरच्या इमारतींत जाते. नदीपात्रातील वाळूचा थर हाही एक पाणीसाठाच असतो. तो उपसला की काठच्या विहिरींची पातळी उतरते, आणि मग त्याच विहिरींच्या पुनर्भरणासाठी योजना काढावी लागते.

पुनर्भरणाच्या योजना आहेत, आणि त्या अगदीच नाममात्र नाहीत. ३० मार्च ते ३० जून २०२५ या काळात राज्यभर राबवलेल्या जलगंगा संवर्धन अभियानात शेततळी, जुन्या विहिरींचे पुनर्भरण आणि अमृत सरोवरे यांची कामे झाली. बेसाल्टच्या प्रदेशात विहीर पुनर्भरण हा खर्चाच्या मानाने सर्वांत फलदायी उपायांपैकी एक आहे, असे या लेखकाचे मत आहे. गाळण-खड्डा नीट केला आणि दरवर्षी साफ केला तर. दुसरी अट पहिल्याहून अवघड. अभियानाला तीन महिन्यांची मुदत असते, गाळाला नसते.

आपत्ती निधीची रचनाही सौंसरच्या बाजूने वाचून पाहण्यासारखी आहे. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती जोखीम निधीत १,६०,१५३ कोटी रुपये धरले आणि त्यातील २० टक्के, म्हणजे सुमारे ३२ हजार कोटी, आपत्ती घडण्याआधीच्या सौम्यीकरणासाठी राखले. उरलेले ८० टक्के प्रतिसाद, मदत, पुनर्उभारणी आणि पूर्वतयारी यांच्यासाठी. विसर्गाची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा किंवा पूररेषेचे आखणीकाम या २० टक्क्यांत बसू शकते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचे प्राधिकरण आणि स्वतःचा आराखडा लागतो. पांढुर्ण्याच्या आराखड्यात छिंदवाड्याच्या जुन्या आराखड्याचीच पाने फिरून आली, तर त्यात पठारावरील पावसाचे वर्णन असेल आणि घाटाखालच्या पुराचे नसेल.

पूररेषा हा शब्द जमीनवापराच्या कागदांत क्वचितच दिसतो. मध्य प्रदेशात नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ खाली शहरांचे विकास आराखडे होतात. सौंसर, मोहगाव, लोधीखेडा, पिपळा नारायणवार अशा लहान नगर परिषदांभोवतीची शेतजमीन महामार्गाच्या कडेने अकृषिक होत जाते. सौंसरजवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्रात रेमंडचा कापडकारखाना अनेक वर्षे आहे. नव्या जिल्ह्याला मुख्यालयाच्या इमारती, वसाहती, गोदामे यांसाठी जागा लागणारच. ती कोठे घ्यायची, याचा निर्णय नदीचे जुने पूरपात्र आखण्याआधी झाला, तर पुढील पंचवीस वर्षांच्या पुरांची यादी आजच लिहून ठेवल्यासारखे होईल. हा अनुभव खाजन जमिनी भरल्या गेलेल्या किनारपट्टीला नवा नाही.

जामघाटाचे पुढचे टप्पे कायद्याने ठरलेले आहेत : सविस्तर प्रकल्प अहवाल, केंद्रीय जल आयोगाची तपासणी, पर्यावरणीय जनसुनावणी, आणि त्यानंतर भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना. ही अधिसूचना २०१३ च्या कायद्याप्रमाणे स्थानिक भाषेतही प्रसिद्ध करावी लागते. सौंसरमध्ये स्थानिक भाषा म्हणून हिंदी धरली जाईल की मराठी, हे अर्ज करून आधी विचारून घेता येते. अधिसूचना निघाल्यानंतर जमिनीचे व्यवहार थांबतात आणि बाजारभाव त्या तारखेला गोठतो, म्हणून खसऱ्यातील दुरुस्त्या, वारसनोंदी आणि झाडांच्या नोंदी यांची कामे त्याआधीच उरकायची असतात. त्यासाठीचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो आणि त्याची पोच घ्यायची असते.